श्वास घेणारं कुंकू

१

सोमवारी सकाळी साडेनऊला तापीबाई नाहीशी झाल्याचं अरविंदच्या लक्षात आलं, आणि पुढच्या पाच मिनिटांत त्यानं वामनराव पेशकारांचं दार असं बडवलं की आतलं दूध उतू गेलं. दूध वामनराव स्वतः तापवत होते, त्यामुळे ते तसंही उतू जाणारच होतं.

"काका, बाई गेली!"

"काकू ना? ती कालच गेली. फोपनारला, भाचीच्या बाळंतपणाला."

"काकू नाही हो! आपली तापीबाई! बाहुली! टेबलावरची तिची जागा रिकामी आहे बिल्कुल!"

काकू, म्हणजे वामनरावांची बायको मथुराबाई, रविवारी सकाळी मोटारीनं गेल्या होत्या. निघताना त्यांनी पाच-सहा गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. त्यांतली दूध तापवायची तेवढी वामनरावांच्या लक्षात राहिली होती.

वामनरावांनी पातेलं उतरवलं, हात पुसले आणि खुंटीवरची काळी टोपी डोक्यावर चढवली. टोपी चढली की समजायचं, तपास सुरू झाला. तीस वर्षं कोर्टात पेशकारी करून ते निवृत्त झाले होते. न्यायाधीशापुढे कागद ठेवता ठेवता आपणही अर्धे न्यायाधीश झालो, असा त्यांचा समज होता, आणि शनवारा मोहल्ल्यातल्या लोकांनी तो लाडानं वाढवला होता. कोणाची म्हैस हरवली, कोणाची नथ गेली, की लोक ठाण्याआधी पेशकारांकडे येत. म्हैस सापडली होती. नथही सापडली होती.

पण ही बाहुली साधी नव्हती. सन छप्पन्नचा सप्टेंबर सरत आला होता. एक नोव्हेंबरला नवं मध्य प्रदेश राज्य व्हायचं होतं. राजधानी नागपूरहून उठून भोपाळला चालली होती आणि बुऱ्हाणपूर जागच्या जागी बसून नव्या राज्यात जाणार होतं. त्या दिवशी खंडव्याला मोठ्या साहेबांपुढे बुऱ्हाणपूरकरांनी केलेला एक छोटा चित्रपट दाखवायचं ठरलं होतं. त्यात माणूस एकही नाही. तापी नदी बाई होऊन मुलताईहून चालत निघते, वाटेत केळीला पाणी पाजते, कापूस भिजवला म्हणून शिव्या खाते आणि बुऱ्हाणपूरला राजघाटावर येऊन पाय धुते, अशी तीन मिनिटांची गोष्ट. "नदी पाय धुते ते कशात?" असं वामनरावांनी विचारलं होतं.

अरविंद मुंबईला असलं काम शिकून आला होता. बाहुलीच्या आत तारेचा सांगाडा, वर मेण आणि तेल घालून मळलेली, कधी न वाळणारी माती. हात केसभर हलवायचा, कॅमेऱ्याची कळ एकदा दाबायची. झालं एक चित्र. पुन्हा केसभर, पुन्हा कळ. अशी चोवीस चित्रं जमली की पडद्यावर एक सेकंद होतो आणि माती चालू लागते. दिवसभर राबून चार-पाच सेकंद पदरात पडत. या उद्योगासाठी त्यानं वामनरावांच्या घराची मागची खोली घेतली होती. मुहूर्ताचा नारळ फोडण्याचा मान घरमालक म्हणून वामनरावांनीच घेतला होता. बाहुलीला कुंकू लावून मंत्रही असे खणखणीत म्हटले की जमलेली पंचवीस माणसं 'वा' म्हणाली होती.

"कुलूप फोडलंय?" वामनरावांनी विचारलं.

"नाही ना काका. कुलूप जसंच्या तसं होतं. मीच उघडलं, आणि आत बाई नव्हती."

२

खोलीत कागदाचे डोंगर जागेवर होते, केळीची चिमुकली झाडं जागेवर होती. तापीबाईच्या जागी मात्र तिचं निळं लुगडं होतं. वीतभर लुगडं, चौपदरी घडी घातलेलं, आणि घडीवर तिची मण्यांची माळ.

"चोराला घडी घालायला वेळ कुठून मिळाला?" अरविंद पुटपुटला.

"सराईत असणार," वामनराव म्हणाले. काही सुचलं नाही की चोर सराईत असतो.

टेबलाच्या पायावरून मुंग्यांची रांग चढत होती. वामनराव वाकून बघू लागले तसा अरविंद वैतागला. "ते रोजचंच आहे. रोज सकाळी पहिले मुंग्या झाडतो, मग बाई हलवतो. माहीत नाही, यांना काय मिळतं इथं."

मग किल्ल्यांची चौकशी झाली. किल्ल्या दोन. एक अरविंदची. दुसरी वामनरावांच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला.

"ती माझ्या घरात आहे, म्हणजे तिचा प्रश्नच नाही," वामनरावांनी निकाल दिला.

अरविंदची किल्ली मात्र फिरली होती. शनिवारी तीन वाजता तो बारा दिवसांत भरलेलं रीळ धुण्यासाठी मुंबईला पाठवायला स्टेशनवर गेला. बाहुल्या घडवणारा लोटू कुंभार तेव्हा खोलीत माती मळत बसला होता. संध्याकाळी लोटूनं कुलूप लावलं आणि किल्ली सुधाकरच्या फोटोच्या दुकानात दिली. कॅमेरा सुधाकरचाच होता. आज सकाळी अरविंदनं किल्ली तिथून आणली.

सुधाकर दुकानाच्या पायरीवरच भेटला. पडद्यावर पहिलं नाव कोणाचं, यावरून त्याचं आणि अरविंदचं महिनाभर वाजत होतं, हे साऱ्या शनवाऱ्याला ठाऊक होतं.

"माझ्यावर संशय?" सुधाकर हसला. "बाई नाही तर पिक्चर नाही, आणि पिक्चर नाही तर माझं नाव काय भिंतीवर लिहिणार, काका? किल्ली गल्ल्यातून हलली नाही. हां, काल एक जण मागायला आलं होतं."

"कोण?"

"शारदाबाई. मी दिली नाही. पण चेहऱ्यावरून वाटलं, खोलीत जायची मोठी जल्दी आहे त्यांना."

३

शारदाबाई कन्याशाळेत शिकवत. बाहुल्यांचे कपडे त्याच शिवत, आणि चित्रपट मुका असल्यामुळे पडद्याशेजारी उभं राहून तापीबाईचं बोलणंही त्याच बोलणार होत्या. तिथंच माशी शिंकली होती. साहेबलोक भोपाळचे, तेव्हा तापीबाईनं हिंदीत बोलावं, असं सुधाकरचं म्हणणं. शारदाबाई म्हणाल्या होत्या, "तापीचं अर्धं अंग खानदेशात. ती घरी जाताना परक्या बोलीत का बोलेल?"

"म्हणून तुम्ही बाहुली लपवलीत?" वामनरावांनी कोर्टातला आवाज काढला.

"लपवून काय तिला मराठी शिकवणार होते?" शारदाबाईंनी वहीवरची नजरही उचलली नाही. "पदराचे काठ उसवले होते, म्हणून किल्ली मागितली. लुगडं दाखवा बघू."

लुगडं त्यांनी उलटसुलट केलं. "ही घडी बाईमाणसाची आहे, काका. निऱ्या आत, काठ बाहेर. अरविंद कपड्याचा बोळा करतो. सुधाकर तर स्वतःचा सदराही खुंटीला फेकतो."

"म्हणजे तुमची घडी?"

"माझी असती तर मी कशाला सांगितलं असतं?" आता मात्र त्यांनी वर बघितलं. "खोलीची दुसरी किल्ली कुठं असते, काका?"

वामनराव ताडकन उठले. एका मास्तरणीनं पेशकारांच्या स्वयंपाकघरात नाक खुपसावं, हे त्यांना सहन होईना. रस्ताभर त्यांचा संताप ओसरला नाही, आणि संतापातच त्यांना एकदम उजेड पडला. घडी बाईची. शनिवारी शेवटी खोलीत होता लोटू. आणि लोटूच्या घरी होती त्याची बायको, रंभाबाई. तर्क असा पटापट जुळला की वामनराव वाटेतच थबकले. स्वतःच्या बुद्धीचं त्यांना नेहमीप्रमाणे कौतुक वाटलं.

कुंभारवाड्याकडे वळताना त्यांनी दोघा-चौघांना सोबत घेतलं. पंच हवेत, असं म्हणाले. चौकात पोचेपर्यंत चाराचे ऐंशी झाले होते.

४

लोटू अंगणात नवरात्राच्या देव्या करत होता. पाच देव्या कच्च्या मातीत उभ्या होत्या. पन्नाशी उलटलेला, कमी बोलणारा माणूस. गर्दी बघून तो हात धुवायला उठला.

"हात राहू दे. घर दाखव," वामनराव म्हणाले.

रांजण हलवले गेले, मडकी उलटी झाली, रंभाबाईच्या पेटीतली लुगडी दारात आली. गर्दीत कोणाचा तरी धक्का लागून एका देवीचा वाघ जमिनीवर पडला आणि त्याचं तोंड चेपलं. मग आतून कोणीतरी ओरडलं, "सापडलं!" फडताळात केळीच्या पानात गुंडाळलेला, बोटभर लांबीचा मातीचा हात होता. मनगटात हिरवी बांगडी. तापीबाईचा उजवा हात.

वामनरावांनी तो चौकात नेऊन सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. "हा काय आहे, लोटू?"

"हात हाये, साहेब. मळता मळता पाहिलं त तार तुटेल व्हती. नवी तार बसवाले आणला. बाई तिथंच उभी व्हती तवा." लोटूचा आवाज खाली गेला. "शनिवारी तुमालेच त सांगलं मी. तुम्ही पेपर वाचत व्हते. हं म्हणले."

गर्दी वामनरावांकडे बघू लागली. वामनरावांनी खरंच आठवून बघितलं. शनिवारचा पेपर आठवला, भोपाळच्या सचिवालयाची बातमी आठवली. लोटू आठवला नाही.

"मला सांगितलंस? म्हणजे मी खोटा?"

लोटूनं मान खाली घातली. "असं कसं म्हणू, साहेब."

"ऐकलंत?" वामनराव गर्दीकडे वळले. "कबूल झाला."

मागून रंभाबाई काहीतरी ओरडली, पण तिचं बोलणं हुर्योत बुडालं. बाकीची बाहुली कुठं आहे, हे मात्र लोटूनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

संध्याकाळी दोन मंडळांची माणसं येऊन देवीची ऑर्डर मोडून गेली. चोराच्या हातची देवी बसवायची नाही, म्हणाली. तिसऱ्या दिवशी लोटूनं पाचही देव्या पाण्यात भिजवून त्यांचा चिखल केला, घराला कुलूप घातलं आणि रंभाबाईला घेऊन तो बहादरपूरला साडूकडे निघून गेला. ज्याच्या मूर्तीपुढे सारा गाव वीस वर्षं हात जोडत होता, त्याला आता कोणी साधं मडकंही मागायला तयार नव्हतं. वामनरावांना लोक रस्त्यात थांबवून शाबासकी देत होते. ती ते घेत होते.

बाराव्या दिवशी मुंबईहून रीळ धुऊन आलं.

५

सुधाकरच्या दुकानात भर दुपारी पडदे ओढले. भिंतीवर पांढरं धोतर ताणलं. अरविंद, सुधाकर, शारदाबाई आणि मधल्या खुर्चीवर वामनराव. यंत्र खडखडलं, आणि धोतरावर तापीबाई चालू लागली.

क्षणभर सगळे भांडणं विसरले. ती खरीच चालत होती. पदर सावरत होती, केळीपाशी वाकत होती. अरविंदचे डोळे भरून आले.

"पुन्हा लावा," शारदाबाई अचानक म्हणाल्या. "तिच्या कुंकवाकडे बघा."

पुन्हा लावलं. आता सगळ्यांना दिसलं. चित्रं काळीपांढरी, त्यामुळे कुंकू काळा ठिपका दिसत होतं. तो ठिपका स्थिर नव्हता. एकदम मोठा होई, मग हळूहळू लहान, फिका. पुन्हा एकदम मोठा. कपाळावर कुंकू श्वास घेत होतं.

"भूत लागलं काय हिला?" सुधाकर पुटपुटला.

अरविंदनं रीळ काढलं आणि खिडकीशी नेऊन भिंगातून एकेक चित्र बघू लागला. "हे बघा. हे दिवसाचं पहिलं चित्र, कुंकू ताजं. हे संध्याकाळचं, पार पुसलेलं. माझा हात लागून आणि दिव्याच्या उष्णतेनं पुसतं. दुसऱ्या सकाळी पुन्हा ताजं. रोज! पण मी कुंकू कधी लावलंच नाही. लागलेलं आहे तसं राहू दिलं. मुहूर्ताला ते काकांनी..."

तो थांबला. सगळ्यांनी वामनरावांकडे बघितलं.

तीस वर्षं त्यांनी पुरावे एकमेकांना जोडले जाताना बघितले होते. आता ते आपोआप जोडले जात होते आणि त्यांना थांबवता येत नव्हते.

"रोज सकाळी, अरविंद यायच्या आधी, कोणीतरी तिची पूजा करत होतं," ते सावकाश म्हणाले. "कुंकू लावत होतं. पुढे खडीसाखर ठेवत होतं, मग उचलत होतं. म्हणून मुंग्या."

"पण बाहुलीची पूजा कोण करेल?" सुधाकर म्हणाला.

"बाहुली राहिली नव्हती ती. मुहूर्ताला मी जे मंत्र म्हटले, ते नारळाचे नव्हते. प्राणप्रतिष्ठेचे होते. लोकांवर छाप पडावी म्हणून म्हटले." वामनरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "शनिवारी तिचा हात निघाला. हात तुटलेली देवी म्हणजे खंडित मूर्ती. ती घरात ठेवत नाहीत, पाण्यात पोचवतात. आणि पोचवण्याआधी अंगावरचं वस्त्र आणि दागिने उतरवून ठेवतात. तेही घडी घालून."

"तापीत?" अरविंद किंचाळला. "ती मेणाची माती विरघळायची नाही, काका! एव्हाना भुसावळ ओलांडून गेली असेल!"

नव्या राज्यात मिरवायची बाई परस्पर मुंबई राज्यात निघून गेली होती. एरवी यावर सगळे हसले असते.

"पण कुलूप?" सुधाकरनं विचारलं. "किल्ली तर माझ्याकडे होती."

दुसऱ्या किल्लीचं शारदाबाईंनी आधीच विचारलं होतं. त्या फक्त वामनरावांकडे बघत राहिल्या, आणि वामनरावांना त्या नजरेला नजर देता आली नाही.

६

फोपनारला मथुराबाई ओसरीवर पाय पसरून, पायांवर बाळ घेऊन त्याला तेल चोळत होत्या. नवऱ्याला अवेळी दारात बघून त्यांनी पदर सावरला.

"तापीबाईला तू पोचवलंस?" वामनरावांनी उभ्या उभ्याच विचारलं.

"मंग? मोडेल देवी घरात ठेवून गावले कशी येऊ मी? दहीपोहे दाखवले, राजघाटावर नेऊन सोडली, मंग मोटारीत बसले."

"अगं, ती बाहुली होती."

"बाहुलीच व्हती. तुम्ही प्राण घातले तिच्यात, पंचवीस मानसाच्या समोर." मथुराबाईंचा हात बाळाच्या पाठीवर चालूच होता. "घातले आन निघून गेले बाजारात, लोकाईचं 'वा वा' ऐकाले. मंग घरात बसवेल देवाले कुंकू कोण लावीन? साखर कोण ठेवीन? उपाशी ठेवाचा का त्याले?"

"मला सांगायचं तरी होतंस!"

"सांगलं ना. निघता निघता. म्हणलं दूध तापवा, लोणच्याले ओला हात लावू नका, देवी पोचवून आली, लोटूले म्हणा दुसरी कर. गणपती नाही का आपण दरसाल नवा आणत? तुम्ही हं म्हणले."

वामनराव ओसरीच्या कडेला टेकले. विचारू नये असं वाटत होतं, तरी त्यांनी विचारलं, "आणि लोटू? शनिवारी लोटू मला काही म्हणाला होता का?"

"हो. मी आत भाकरी थापत व्हते. म्हणे, साहेब, हात घेऊन जातो, तार बसवून आणतो. तुम्ही हं म्हणले. काऊन? काय झालं?"

वामनरावांनी सगळं सांगितलं. घरझडती, ऐंशी माणसं, उंच धरलेला हात, मोडलेल्या ऑर्डरी, कुलूप. सांगता सांगता त्यांना आपलाच आवाज ओळखू येईना. मथुराबाईंनी बाळाला भाचीच्या हाती दिलं आणि तेलाचे हात पदराला पुसले. असं त्या कधी करत नसत.

"साऱ्या गावाले इचारलं तुम्ही," त्या म्हणाल्या. "मले नाही इचारलं. फोपनार का विलायतेत हाये?"

जिच्या हातची भाकरी चाळीस वर्षं खाल्ली, तिला काही ठाऊक असेल हेच त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आणि लोटू? चोर म्हणून हिणवला गेला तेव्हाही तो त्यांना खोटारडा म्हणाला नव्हता. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते का, हे त्यांना सत्तरीला आल्यावर कळलं.

परतीच्या मोटारीत मात्र त्यांचं पेशकारी डोकं पुन्हा चालू लागलं. सांगायचं कसं? 'घरातल्या बाईकडून नकळत चूक झाली.' वाक्य कसं गुळगुळीत होतं. खोटंही नव्हतं. लोक हसतील, बायकांचं असंच म्हणतील आणि सोडून देतील. पेशकारांची टोपी डोक्यावर शाबूत राहील. दोन मैल त्यांनी ते वाक्य तोंडात घोळवलं. मग त्यांना स्वतःचीच इतकी किळस आली की बहादरपूर येताच ते उतरले.

७

लोटू साडूच्या गोठ्यात शेण ओढत होता. वामनरावांनी त्याच्यापुढे हात जोडले. काय घडलं ते सगळं सांगितलं. मथुराबाईंनी काय केलं आणि आपण काय ऐकलं नाही, दोन्ही. "माझी चूक झाली, लोटू. मला माफ कर."

लोटूनं फावडं भिंतीला टेकवलं.

"झडती चौकात घेतली, साहेब," तो म्हणाला. "माफी गोठ्यात मागता?"

"चौकात मागतो. उद्या सकाळी. तू ये फक्त."

"येतो. आन अरविंदभाऊले सांगा, नवी बाई करून देईन मी. त्या पोराचा काही गुन्हा नाही. पण तुमच्या घरात बसून नाही करनार."

"बरं," वामनराव म्हणाले. यापेक्षा जास्त मागायचा त्यांना हक्क नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोटू धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून चौकात उभा होता. शेजारी रंभाबाई, तोंड घट्ट मिटलेली. वामनरावांनी आदल्या संध्याकाळी दवंडीवाल्याला गावभर फिरवलं होतं. तरी चौकात माणसं आली होती आठ. तीही अरविंद, सुधाकर आणि शारदाबाई धरून आठ.

वामनराव बोलले. कोर्टातला आवाज आज लागला नाही, घोगराच आला. लोटू चोर नाही. त्यानं मला सांगून हात नेला होता, मी ऐकलं नाही. बाहुलीत प्राण मी घातले, बायकोनं ती पोचवली, तिनंही मला सांगितलं होतं, तेही मी ऐकलं नाही. दोष तिचा नाही. चोरी झालीच नव्हती. मी एका इमानदार माणसाची घरझडती घेतली.

पानवाला म्हणाला, "ठीक आहे, काका, होतं कधी कधी," आणि दुकानाकडे वळला. आणखी दोघं निघाले. समोरून जाणाऱ्या एकानं विचारलं, "काय चाललंय?" दुसरा म्हणाला, "काही नाही." तो तसाच पुढे गेला.

रंभाबाईनं रिकाम्या चौकावरून नजर फिरवली. "त्या दिशी त पाय ठेवाले जागा नव्हती," ती म्हणाली. ती वामनरावांशी बोलली नव्हती, नवऱ्याशी बोलली होती.

वामनराव तिथंच उभे होते. आपलं काम झालं असं लोटूला म्हणावं आणि घरी जावं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. अरविंद जवळ येऊन हळूच म्हणाला, "चला काका, सांगितलं ना तुम्ही."

"कोणाला सांगितलं?" वामनराव म्हणाले. "ज्यांनी ऐकायला हवं होतं ते घरी बसलेत."

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. झडतीच्या दिवशी कोण कोण होतं? आज चेहरे आठवत होते, एकेक करून सगळे. पुढे दगा तेली होता, लाकडाच्या वखारीचा श्रीकांत होता, दोन्ही मंडळांची पोरं होती, मारुतीच्या पाराशी राहणारी गोदाबाई होती. ती तर सगळ्यांत मोठ्यानं हसली होती.

"लोटू, तू माझ्याबरोबर येऊ नकोस," ते म्हणाले. "तुला दारोदार फिरवायचं नाही. मी जातो."

ते एकटेच निघाले. पहिलं दार गोदाबाईचं होतं. त्यांनी कडी वाजवली. आत तांदूळ पाखडण्याचा आवाज थांबला, आणि गोदाबाईनं हातात सूप घेऊनच दार उघडलं. पेशकारांना बघून तिचे डोळे चमकले.

"या, या, पेशकार! आज कोणाची झडती?" तिनं उत्साहानं विचारलं.

वामनरावांनी टोपी काढून हातात घेतली आणि उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सांगायला सुरुवात केली.